हात न लागलेली गाडी

आमच्या वर्धा जिल्ह्यात गाडी दिसली की पहिला प्रश्न एकच असतो: ॲव्हरेज किती देते? ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो की सासऱ्याने दिलेली जुनी स्कूटर असो, आधी ॲव्हरेज. ब्रेक लागतात का, हे नंतर. मी वर्ध्याला लागून असलेल्या सावंगीला राहते. वरच्या खोल्या मेडिकलच्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत. त्यांतल्या कोणी नवी गाडी दारात आणून उभी केली, की समोरचे काका फाटकातूनच ओरडून हेच विचारतात. मला या शब्दाचा राग आहे. याच शब्दापायी माझ्या भावाने बाबूजींच्या गाडीची दोन तोंडं बंद करून टाकली होती, आणि ती उघडायला शेवटी मला जावं लागलं.

बाबूजी म्हणजे माझे वडील. पुलगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, विळे, पत्रे, नांगराचे फाळ. दिवसभर दुकानात ठोकाठोकी चालायची. पत्रा कापून द्यायचा, कडी वाकवून द्यायची, बादलीचा कान बसवून द्यायचा. अशा माणसाला अमेरिकन गाडी कशाला हवी होती, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. गावातला एक कापसाच्या जिनिंगचा शेठ कारखाना विकून निघाला, तेव्हा त्याच्या शेडमध्ये ही गाडी धूळ खात पडली होती. ती बाबूजींनी घेतली. लांबच लांब, फिक्या निळ्या रंगाची, आठ सिलिंडरची. आमच्या गल्लीत ती वळायचीच नाही. मागे घेत घेत बाहेर काढावी लागायची. आई म्हणायची, एवढ्या जागेत म्हशी बांधल्या असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं.

त्या गाडीच्या इंजिनावर चार तोंडांचा कार्बोरेटर होता. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. आपल्याकडच्या साध्या गाड्यांच्या कार्बोरेटरला एकच तोंड असायचं, याला चार. पुढच्या दोन तोंडांवर गाडी रोजची चालते. मागची दोन मिटलेली असतात. चढ आला, ओझं आलं, पाय खाली दाबला आणि इंजिनाने जास्त मागितलं, तरच ती उघडतात. आईला समजावताना बाबूजी त्याला चूल म्हणायचे. पुढची दोन रोजच्या भाकरीची, मागची दोन पाहुण्यांची. आईला ते पटायचं नाही. मला मात्र ते ऐकल्याबरोबर समजलं, आणि त्या दिवसापासून मी त्या चार भोकांत अडकले ती अडकलेच.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. बसले होते असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर स्थळं येण्याची वाट पाहत स्वयंपाक, धुणं आणि धाकट्या भावाची गणितं हे सगळं मी उभ्यानेच करत होते. उरलेला वेळ गाडीत जायचा. दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेला एक हवालदार मेकॅनिक बाबूजींच्या ओळखीचा होता. तो काही रविवार येऊन बाबूजींना शिकवून गेला आणि मी शेजारी उभी राहून शिकले. त्याचं सांगणं असं, की गाडी बिघडली की लोक आधी कार्बोरेटर उघडतात आणि निम्म्या वेळा दुखणं असतं स्पार्कचं. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. लावला की मग अर्धवट सोडायचा नाही.

आता जे सांगणार आहे ते आमच्या घरात कोणी कधी बोललेलं नाही. बाबूजींना ऐकू येत नव्हतं. ठार बहिरे नव्हते, पण वर्षानुवर्षं पत्र्यावर हातोडे पडून पडून कानातला बारीक आवाज गेला होता. समोरचा बोलला तर त्याच्या ओठांकडे बघून त्यांना कळायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठ किती लक्ष देऊन ऐकतात. पण इंजिनाला ओठ नसतात. चार तोंडांच्या कार्बोरेटरला पुढे दोन बारीक स्क्रू असतात. गाडी उभी असताना इंजिनाला किती पेट्रोल मिळावं ते त्यांच्यावर ठरतं. स्क्रू आत घेत जायचं, इंजिन अडखळलं की पुन्हा बाहेर घ्यायचं, आवाज एकसारखा झाला की किंचित अजून, आणि थांबायचं. तो किंचित कुठे संपतो ते कानालाच कळतं. बाबूजी स्क्रू फिरवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी रबरी नळीचं एक टोक कानात धरून दुसरं टोक एकेका तोंडाजवळ न्यायचे. भुवई उचलली की अजून, मान हलवली की पुरे. यावर आम्ही दोघं एक शब्दही बोललो नाही. ते चालायचं तसंच चालायचं.

संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की बाबूजी सांगायचे, आज गाडी अशी लावली की चालू आहे का बंद तेच समजत नाही. माणसं म्हणायची, कान असावा तर शेठसारखा. मी आत पोहे परतत असायची. तेव्हा मला हसू यायचं. बापाचं गुपित आपल्यापाशी आहे याची ऐट वाटायची. आता त्याचं हसू येत नाही. माझं नाव घ्यायला त्यांना ओटाभर माणसांत एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांनी कधी खर्चलं नाही. मी त्यांच्यावर फार माया केली, अजून करते, पण हा हिशेब मी मिटवलेला नाही.

सेटिंग पास की नापास ते केळझरच्या रस्त्यावर ठरायचं. चतुर्थीला सगळे गाडीत बसून गणपतीच्या दर्शनाला निघायचो. कुठेही झटका न देता गाडी निघाली, आणि चढावर मागची दोन तोंडं उघडून वर गेली, तर सेटिंग बरोबर. ती उघडली की आवाज बदलतो. एवढा वेळ गुपचूप चालणाऱ्या इंजिनाच्या पोटातून भरलेला, खोल आवाज येतो आणि पाठ सीटला टेकते. बाबूजी तेव्हा आरशातून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. मग ते मोठ्याने सगळ्यांना सांगायचे, पाहा, उघडली. स्टिअरिंग माझ्या हातात कधी आलं नाही. ते मागावं असं मला सुचलंही नाही, आणि आता त्याचाच मला जास्त राग येतो.

माझं लग्न ठरलं तेही या गाडीमुळेच. बघायला पाहुणे येणार म्हणून आईने सकाळपासून माझी नखं लिंबाच्या फोडीने घासली होती, तरी कडेचं ग्रीसचं काळं गेलं नव्हतं. मुलाच्या आईने चहाचा कप घेताना ते बरोबर पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, पोरगी चुलीवर करते वाटतं. आमच्याकडे गॅस होता. आईने क्षणभरही न घालवता सांगितलं, सगळं येते तिले. अशा रीतीने मी वर्ध्याला सासरी आले.

बाबूजी गेल्यावर दुकान आणि गाडी भावाकडे गेली. मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. भावाने गाडीसाठी पहिलं काम केलं ते ॲव्हरेजचं. कुठल्याशा मेकॅनिकने त्याला सांगितलं, चार तोंडांनी पेते म्हणून पेट्रोल लागते, दोन बंद करून टाकू. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागच्या दोन तोंडांखाली बसवला, वरून सील करायचा मसाला थापला. मग गाडी ओढेना, धापा टाकायला लागली, म्हणून पुढच्या दोन तोंडांतली पेट्रोलची बारीक भोकं मोठी करून दिली. म्हणजे पाहुण्यांची चूल विझवली आणि रोजच्या चुलीत मण मण लाकडं कोंबली. गाडी आधीपेक्षा जास्त प्यायला लागली, मागून काळा धूर सोडायला लागली, आणि पाय दाबला की आधी एक गचका, मग पुढे. पण भाऊ ज्याला त्याला सांगायचा की आता ॲव्हरेज सुधारलं आहे. काही वर्षं गाडी नवरदेवांना घेऊन वरातीत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने फिरली. तिथे मागची दोन तोंडं लागतच नाहीत. मग तेही बंद झालं.

मागच्या दिवाळीनंतर भावाचा फोन आला. शेड पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. नागपूरचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन गाडी बघायला येणार होता आणि गाडी धड फाटकापर्यंत जात नव्हती. मेकॅनिक येऊन येऊन थकले, त्यांना हे चार तोंडांचं प्रकरण कळतच नव्हतं. शेवटी त्याला मी आठवले. मी लग्नाआधी गाडीपाशी असायची एवढं त्याच्या लक्षात होतं. किती असायची, ते नव्हतं.

"येतो मी," मी म्हणाले. "पण पाव्हण्यासमोर एक सांगजो. का ही गाडी माह्या बहिणीनं लावली."

"सांगतो ना वो ताई. त्यात काय आहे?"

त्याच्या लेखी त्यात काही नव्हतं. माझ्या लेखी तेवढंच होतं. मला ते वाक्य एकदा ऐकायचं होतं, चार लोकांत, माझ्या स्वतःच्या कानांनी. साठीला टेकलेल्या बाईला एवढी हाव असावी यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

पुलगावला गेले. भावजयीने जुना गाऊन दिला, वर भावाचा जुना शर्ट चढवला आणि बॉनेट उघडलं. आधी स्पार्क पाहिला. ठिणगी पाडणारे पॉइंट जळलेले होते, ते घासून बसवले, ठिणगीची वेळ जुळवली. गाडी तेवढ्यानेच निम्मी शहाणी झाली. मग कार्बोरेटर उतरवून परातीत घेतला. पाय दाबल्याबरोबर पेट्रोलची पिचकारी मारणारा एक छोटा पंप त्यात असतो. त्याची चामड्याची वाटी वाळून आकसली होती, म्हणून पहिली पिचकारीच उडत नव्हती आणि गाडी गचका देत होती. ती एरंडेल तेलात भिजत घातली. भोकं मोठी केलेली जेट काढून नागपूरहून मागवलेली बारीक भोकांची बसवली, आतल्या पेट्रोलची पातळी धरणाऱ्या फ्लोटची उंची जुळवली. तेलाच्या डब्याचा तो पत्रा मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला तेव्हा भाऊ शेजारी होता. पत्र्यावर अजून पिवळ्या सूर्यफुलाची पाकळी दिसत होती. मी तो त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, ॲव्हरेज कमी होईल आता. मी उरलेला मसाला खरवडत राहिले. बोलले असते तर काम तिथेच थांबलं असतं.

बाबूजींच्या हत्यारांच्या पेटीत तळाला एक सागवानी फळी सापडली. वीतभर रुंद, अंगठ्याएवढी जाड, चार गोल भोकं पाडलेली, जवसाचं तेल पिऊन काळी झालेली. मी ती लगेच ओळखली. आमच्याकडचा उन्हाळा इंजिनाला सोसत नाही. गरम इंजिन बंद केलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आत गळतं, आणि मग कितीही स्टार्टर मारा, गाडी चालू होत नाही. म्हणून होळी झाली की बाबूजी ही फळी कार्बोरेटरच्या खाली बसवायचे, इंजिनाची आच वर जाऊ नये म्हणून. पावसाळ्यात काढायचे. भावाला दाखवली तर तो म्हणाला, हे काय, पाटाचा तुकडा काय? मी सांगायला लागले तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलत बोलत बाहेर जाताना त्याने हाताने खूण केली, की टाकून दे नाहीतर घेऊन जा. थंडी होती, फळीची तेव्हा गरज नव्हती. गाडी घेणाऱ्यालाच समजावून देऊ असं ठरवून मी ती पिशवीत ठेवली.

मग इंजिन चालू केलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. बाबूजींचे कान गेले तसे माझेही गेले असतील तर? नळीचं टोक कानात धरलं, दुसरं टोक पहिल्या तोंडाजवळ नेलं, आणि तो आवाज जसाच्या तसा होता. फरक एवढाच की आता स्क्रूही माझ्याच हातात होता. मला कोणाला भुवई उचलून दाखवायची नव्हती. आत घेतला, अडखळलं, बाहेर घेतला, गुळगुळीत झालं, किंचित अजून. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याला थोडं जास्त द्यावं लागतं. म्हणजे जुन्या जागेवर स्क्रू ठेवून चालणारच नव्हतं, नवी जागा शोधावी लागली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी जेमतेम हलत होतं. त्या शेडमध्ये मी किती वेळ नुसती ऐकत उभी होते कोण जाणे. या सगळ्या गोष्टीत मला सुख झालं ते तेवढंच, आणि ते मी कोणाला देणार नाही.

भावाने गाडी वर्धा रोडला घेतली, मी शेजारी बसले. रस्ता मोकळा मिळाल्यावर मी म्हटलं, दाब. त्याने दाबला, गचका आला नाही. मी म्हटलं, अजून दाब, घाबरू नको. आणि मागची दोन तोंडं उघडली. भावाचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. त्याने गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि डोळे पुसत म्हणाला, बाबूजी असते तर. मी म्हटलं, असते तर काय? त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तिथेच मला समजायला हवं होतं.

नागपूरचे पाहुणे आले ते एका रविवारी. चांगला माणूस वाटला. पांढरा झब्बा, गळ्यात चष्मा, जुन्या गाड्यांवर मनापासून जीव. आल्याआल्या गाडीभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली. मी शेडच्या दारात उभी होते. भावजय आतून आली आणि हळूच म्हणाली, ताई, चहा तुम्हीच घेऊन या, पण नखं तेवढी पाहून घ्या. मोरीच्या कठड्यावर तिने अर्धं लिंबू कापून ठेवलेलं होतं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी नखं घासली. आईपेक्षा चांगली घासली, काळं राहिलं नाही. मोरीत असतानाच गाडी फाटकाबाहेर गेल्याचं ऐकू आलं, आणि मग लांब, वळणापलीकडे, तो भरलेला आवाज. लिंबू तसंच हातात धरून मी तो ऐकला.

ट्रे घेऊन मी बैठकीत गेले तेव्हा पाहुणे परत येऊन बसले होते आणि डोकं हलवत होते. अशी चालणारी गाडी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. लोक जुन्या गाड्या उघडून उघडून त्यांची वाट लावतात. त्यांनी भावाला विचारलं, ही कोणी उघडली, कोणी सेट केली? मी ट्रे धरून उभी होते. भावाने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं हे नक्की.

"कोणाचाच हात नाई लागला अजून," तो म्हणाला. "बाबूजीनं लावली तशीच आहे. एकदम अनटच."

अनटच. ॲव्हरेजनंतर माझ्या डोक्यात गेलेला हा दुसरा शब्द. जुन्या गाड्यांच्या बाजारात याहून मोठी तारीफ नाही, हे मलाही ठाऊक आहे. पाहुण्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, वडिलांचा हात दैवी असला पाहिजे. मी त्यांच्या पुढ्यात कप ठेवला. पाहुण्यांसमोर भावाला खोटं पाडायचं नाही, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, तरी मला येत होतं. पण अगदीच गप्प बसवेना. मी विचारलं, रस्त्यावर मागची दोन उघडली का? पाहुणे चमकले. ताईंनाही गाडीतलं कळतं वाटतं, असं हसून भावाला म्हणाले.

"घरचीच आहे ना," भाऊ म्हणाला. "ऐकून ऐकून माहीत झालं तिले."

तो खोटं बोलत नव्हता. आयुष्यात माझ्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी आत गेले, भावाचा तो जुना शर्ट परत त्याच्या खुंटीला अडकवला आणि संध्याकाळच्या बसने सावंगीला परत आले. फळी पिशवीतच होती. ती पाहुण्यांना द्यायची राहिली असं मी म्हणणार नाही. जिला हात लागलेलाच नाही तिला फळी कशाला हवी?

घरी फळी स्वयंपाकघरात ओट्यावर आली. गरम पातेलं तिच्यावर ठेवलं की ओट्याला चटका बसत नाही. बाबूजींनी ती ज्या कामासाठी केली होती तेच काम ती आमच्याकडे करते.

यंदा मे महिन्यात, उन्हाने डांबर चपलेला चिकटत होतं अशा दुपारी, भाऊ सावंगीला आला. फोन न करता आला तेव्हाच मी समजले. त्याला कुलरसमोर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मी मदत केली नाही. शेवटी त्याने सांगितलं. नागपूरचे पाहुणे रागावले होते. गाडी सकाळी मखमलीसारखी चालते, पण एकदा गरम होऊन बंद झाली की तासन् तास चालू होत नाही. नागपूरच्या वर्धा रोडला भर उन्हात त्यांना घरच्या मंडळींसकट उभं राहावं लागलं. तिथल्या मेकॅनिकने कार्बोरेटर उतरवून पाहिला आणि म्हणाला, याचे बोल्ट लांब आहेत, याच्या खाली काहीतरी बसत होतं, ते कुठे आहे? पाहुण्यांनी भावाला विचारलं. भावाला काय ठाऊक असणार?

"लाकूड होतं म्हणते काहीतरी," तो म्हणाला. "तुले माहीत असंल."

"आहे," मी म्हणाले. "माह्यापाशीच आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. कुठी आहे, असं विचारत तो उठायलाच लागला. मी पातेलं उतरवून आणलं, फळी त्याच्या समोरच्या टीपॉयवर ठेवली, तिच्यावर पातेलं ठेवलं, आणि गाळणीने त्याच्या कपात चहा ओतला. मग पातेलं उचलून आत नेऊन ठेवलं. फळी तिथेच राहिली.

परत येऊन त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, त्यांना आत्ता फोन लाव. माझ्यासमोर. सांग, का ही गाडी माह्या बहिणीनं लावली होती, आणि लाकूडही तिच्याचपाशी आहे. मग घेऊन जा. मी स्वतः येऊन बसवून देते, त्याचं काही नाही.

तो कितीतरी वेळ चहात फुंकर मारत राहिला. चहा कधीच निवला होता.

"आता कसं सांगू वो ताई," तो म्हणाला. "अनटच म्हणून नेली त्यानं. आता सांगतलं त माह्यावर भरोसा राहीन काय त्याचा? आन नाव बाबूजीचंच आहे ना. आपल्याच घरचं आहे."

तेव्हा मी ते बोलले. जे मी आईसमोर बोलले नाही, नवऱ्यासमोर बोलले नाही, बाबूजींच्या तेरवीला माणसं त्यांच्या कानाचं कौतुक करत होती तेव्हाही बोलले नाही.

"बाबूजीले ऐकू येत नव्हतं," मी म्हणाले. "तेव्हाही मीच लावत होती."

मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. निदान तो विचारेल, कधीपासून, कसं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाच्या खोटेपणाकडे पाहावं तसं, आणि त्याचा चेहरा बंद झाला. मेलेल्या माणसावर कायले बोलतं, असं तो म्हणाला. एका लाकडापायी बापाचं नाव खराब करून राह्यली. मी त्याला आठवण करून दिली, आरशातून बाबूजी कोणाकडे बघायचे ते. त्याला ते आठवत नव्हतं. तो तेव्हा खिडकीपाशी बसायचा, बाहेर बघत.

नागपूरला एखादा सुतार पाहतो, म्हणाला, त्यात काय, लाकूडच त आहे. सुताराला जाडी कोण सांगणार, भोकं कुठे पाडायची ते कोण सांगणार, हे मी विचारलं नाही. त्याने चहा एका घोटात संपवला आणि उठला. उठताना रिकामा कप त्याने समोरच्या फळीवर ठेवला. कपाचं बूड एका भोकावर आलं, कप डगमगला. त्याने खाली पाहिलं, कप थोडा बाजूला सरकवून नीट ठेवला, आणि चपला घालून निघून गेला.